अक्कलदाढ एकच काढली, बाकीच्या का ठेवल्या तेही नीट सांगितलं (रिव्ह्यू मोठा झालाय)

आधीच सांगतो, लांबलंय. ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांच्यासाठी, पाचपैकी साडेचार, अर्धा देता येत नाही म्हणून पाच दाबलेत. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईल.

माझं वय २७, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, त्यामुळे "अक्कलकोट रोडला जातोस म्हणून अक्कलदाढ आली बे" हा जोक ऑफिसातल्या प्रत्येकानं वेगवेगळा सुचल्यासारखा मारून झालाय, तुम्ही नका मारू.

सुरुवात गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत झाली. संक्रांतीनंतर मोहोळजवळ मामाच्या शेतात हुरड्याला गेलो होतो, हुरडा, शेंगाचटणी, दही, गूळ, सोलापूरकरांना काय सांगायचं. रात्री घरी आल्यावर खाली उजवीकडे एकदम मागं टोचायला लागलं. सकाळी गाल टम्म आणि तोंड उघडायला गेलं तर दोन बोटं पण आत जाईनात, आवंढा गिळला की कानापर्यंत कळ. आईनं लवंग दिली, ती दाढेखाली दाबली की दहा मिनिटं बरं वाटायचं मग परत येरे माझ्या मागल्या. आरशासमोर मोबाईलचा टॉर्च मारून कसंबसं बघितलं तर दाढेचा एक कोपरा फक्त बाहेर आलेला आणि बाकी दाढेवर हिरडी टोपीसारखी चढलेली.

पहिल्यांदा गेलो ते ह्या क्लिनिकला नव्हे. एका चकाचक ठिकाणी गेलो, नाव घेत नाही, एसी, सोफा, कॉफीचं मशीन सगळं होतं. खुर्चीवर बसल्यावर दोन मिनिटं आत बघितलं आणि म्हणाले चारही अक्कलदाढा काढून टाकू, दोन सिटिंग, पॅकेज २२ हजार, ईएमआय पण होतो, एक बाजू आजच करू. मी विचारलं, बाकीच्या तीन दुखत नाहीत की सर, त्या कशाला? तर म्हणे आज ना उद्या दुखणारच. मग मी आपलं सहज विचारलं की ह्या दाढा असतात तरी कशासाठी, देवानं उगाच दिल्यात का? तर हसून म्हणाले "फालतू असतात हो, काही उपयोग नसतो, टेन्शन घेऊ नका." आता गंमत बघा, एक्स-रे काढलेला नाही, सुजेमुळं तोंड धड उघडत नाही, आणि चार दाढांचा निकाल लावून मोकळे. मी एटीएमचं कारण सांगून निघालो ते परत गेलोच नाही.

मग ऑफिसातल्या एका काकांनी ह्या क्लिनिकचं सांगितलं. रेल्वे लाईन्स भागात, पहिल्या मजल्यावर. जिना अंधारा आणि चढा आहे, लिफ्ट नाही, खाली पार्किंग म्हणाल तर नावालापण नाही, मी गाडी कुठल्या तरी मेडिकलसमोर लावली आणि त्या दुकानदारानं माझ्याकडं जे बघितलंय. साडेपाचची अपॉइंटमेंट, नंबर लागला सहा वीसला. अर्धा स्टार इथं गेला. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, वर एक पंखा. पण रिसेप्शनवरची ताई एका आजोबांशी कन्नडमध्ये, पलीकडच्या बाईशी तेलुगूमध्ये आणि माझ्याशी मराठीत बोलत होती, आणि तिघांना पण "अजून पंधरा मिनिटं" हेच सांगत होती.

डॉक्टर मॅडमनी आधी बसवून सगळं विचारलं, कधीपासून, ताप आला का, गोळी कुठली घेतली. मग ती हिरडीची टोपी हलकेच उचलून सिरिंजनं खालून पाणी मारलं, दोन-तीनदा मारलं आणि एक लालसर कण बाहेर आला तो कापसावर घेऊन मला दाखवला. "ही बघा तुमची शेंगाचटणी." खरंच होती हो. मी खुर्चीतच लाजलो. त्या म्हणाल्या अर्धवट आलेल्या दाढेवर असा हिरडीचा पडदा राहतो, त्याच्याखाली ब्रश पोचत नाही, खाल्लेलं अडकतं, सडतं आणि मग सूज. आज काढणार नाही, सूज आणि इन्फेक्शन आधी खाली येऊ दे, औषधं घ्या, ओपीजी काढून आणा आणि आठवड्यानं या. म्हणजे पहिल्या ठिकाणी "आजच करू" आणि इथं "आज नको". मला तिथंच पटलं.

ओपीजी म्हणजे सगळ्या जबड्याचा एकच लांब एक्स-रे. हनुवटी एका पट्टीवर टेकवायची, पुढच्या दातांत काडी धरायची आणि मशीन डोक्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालतं, वीस सेकंदात काम होतं. सहाशे रुपये गेले. पण तो फोटो मॅडमनी स्क्रीनवर लावून जसा समजावला तसा आत्तापर्यंत कुठल्याच डॉक्टरनं कुठलाच रिपोर्ट समजावलेला नाही. खालची उजवी अक्कलदाढ सरळ उभीच नाही, तिरकी होऊन पुढच्या दाढेच्या पाठीला डोकं लावून बसलेली, एसटीत शेजारचा माणूस झोपेत खांद्यावर डोकं टाकतो ना तशी. आणि त्या दोघींच्या मधल्या फटीत पुढच्या चांगल्या दाढेला कीड लागायला सुरुवात. मुळांच्या खालून एक बारीक पट्टा गेलेला दिसतो, ती म्हणे नस, खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणारी. माझी मुळं तिच्यापासून थोडी लांब होती म्हणून बरं, तरी ओठ काही दिवस बधिर राहू शकतो, क्वचित जास्त दिवस, हे त्यांनी आधीच सांगितलं आणि मग सही घेतली.

बाकीच्या तीनचं काय? वरची उजवी सरळ आलीय, ब्रश पोचतोय, ठेवा. फक्त समोरची खालची गेल्यावर तिला टेकायला काही राहणार नाही, ती हळूहळू खाली उतरू शकते म्हणून बघत राहू. वरची डावी पण सरळ. खालची डावी पूर्ण हाडात झोपलीय, त्रास नाही, गाठ नाही, वर्षातून एकदा बघू. मी म्हटलं मॅडम दुसरीकडं तर चारही काढा म्हणाले. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरबद्दल एक शब्द वाईट काढला नाही, एवढंच म्हणाल्या की ह्याच्यावर जगभर दोन मतं आहेत, अमेरिकेत कॉलेजच्या वयात चारही काढायची पद्धत जोरात आहे, आणि इंग्लंडमध्ये नाइस म्हणून संस्था आहे तिनं २००० सालीच सांगितलंय की त्रास नसलेली, रोग नसलेली अडकलेली अक्कलदाढ उगाच काढू नका. मी दुसऱ्या मताची, असं म्हणाल्या.

मग मी तोच प्रश्न विचारला. असते तरी कशाला ही?

आता इथून पुढचं ज्यांना फक्त क्लिनिकबद्दल वाचायचंय त्यांनी सोडलं तरी चालेल, पण मला ह्याच उत्तरासाठी रिव्ह्यू लिहावासा वाटला. बाहेर चार पेशंट ताटकळलेले असताना ह्या बाईंनी मला दहा मिनिटं दिली (माझ्या आधीच्यांना पण देत असणार, म्हणूनच सहा वीस झाले, आता राग नाही).

त्या म्हणाल्या, पहिली गोष्ट ती माणसासाठी खास बनलेली नाहीच. तिसरी दाढ हा फार जुना वारसा आहे, माकडांना असते, गाईम्हशीला असते, मार्मोसेटसारख्या काही इवल्याशा माकडांत मात्र ती गेलीय. दाढा चक्कीच्या दगडासारख्या, एकामागे एक येतात. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली, बाराच्या आसपास दुसरी, सतरा ते पंचवीसच्या मध्ये कधीतरी तिसरी. आपले पूर्वज कच्ची कंदमुळं, चिवट मांस, बिया, मातीवाळूसकट खायचे, तर विशीत येईपर्यंत पहिली दाढ चांगलीच झिजलेली असायची. अशा वेळी मागून एक कोरी करकरीत दाढ येणं म्हणजे चंगळच. दळायला जास्त जागा, जास्त वर्षं. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच मिळतात, मागून नवीन येते पुढची पडते. आपल्याला दुधाच्या धरून दोनच, त्यामुळे मागची ही एक उशिरा येणारी दाढ कामाचीच होती.

मी म्हटलं मग आता वापरत नाही म्हणून लहान होत चाललीय का, शेपटीसारखी? मला वाटलं मी लई हुशार प्रश्न विचारला. तर म्हणाल्या नाही, तुम्ही वापरली नाही म्हणून तुमच्या पोराची लहान होत नसते. पिढ्यान्पिढ्या दाढ थोडी लहान झालीय हो, पण जागा त्याहून जास्त कमी पडलीय. आणि जागा दोन बाजूंनी कमी पडलीय. एक म्हणजे जबड्याचं हाड लहानपणी किती जोरात चावताय त्यावरपण वाढतं. आग आली, हत्यारं आली, शेती आली, दळण आलं, चावायचं काम कमी झालं. दुसरं म्हणजे पूर्वी दात एकमेकाला घासून बाजूनंपण झिजायचे, झिजले की सगळी रांग थोडी थोडी पुढं सरकायची, गड्ड्यात पाळण्याच्या रांगेत पुढचे दोघं सरकले की सगळ्यात मागच्याला पण उभं राहायला जागा होते ना तसं. आता कोणी सरकतच नाही. शेवटचा येणारा गडी बाहेर लटकतो.

घरी आल्यावर मी हे सगळं चेक केलं, सवय आहे, अकाउंट्सवाला माणूस आहे. हायरॅक्स म्हणून ससाटाइप प्राणी असतो, त्याच्यावर अमेरिकेत प्रयोग झालाय, २००४ ला छापून आलाय, काहींना शिजवून मऊ दिलं काहींना कच्चं वाळलेलं, तर मऊ खाणाऱ्यांचा चेहरा खालच्या आणि मागच्या बाजूला कमी वाढला. २०२१ मध्ये ॲरिझोनातल्या दोन संशोधकांनी वानरांच्या कवट्यांवरून दाखवलं की मागच्या टोकाला चावण्याचा जोर सुरक्षित पेलेल एवढी जागा झाली की मगच नंतरची दाढ येते, आणि माणसाचा जबडा फार सावकाश वाढतो म्हणून आपली शेवटची दाढ इतक्या उशिरा. आणि डार्विननं पण १८७१ मध्ये अक्कलदाढ उताराला लागल्याचं लिहून ठेवलेलं. मजा म्हणजे कित्येकांची बनतच नाही, जगात साधारण पाचातल्या एकाची निदान एक तरी अक्कलदाढ मुळातच नसते. आमच्या ताईच्या खालच्या दोन्ही नाहीत. तिला सांगितलं तर म्हणाली "बघ, मला गरजच नव्हती."

नावाचंपण बघितलं मग. अक्कल हा शब्द अरबीतला, अरबीतपण ह्या दाढेला अकलेचीच दाढ म्हणतात, लॅटिनमध्येपण तेच, सगळ्यांचा हिशोब एकच की शहाणपणाच्या वयात येते. जपानीत मात्र तिला ओयाशिराझू म्हणतात, म्हणजे आईबापाला न कळलेली, कारण ती येईपर्यंत पूर्वी आईबाप हयात नसायचे, असं सांगतात. माझ्या आईबापाला तर चांगलीच कळली, रात्री तीनला उठवलं त्यांना. आणि अठरा पूर्ण झालीत का असा वाद झाला की एक्स-रेत अक्कलदाढेचं मूळ कितपत बनलंय तेपण बघतात म्हणे. म्हणजे अजून बिचारीला सरकारी काम आहे.

फालतू तर नाहीच. पुढची दाढ किडून गेली तर चांगली असलेली अक्कलदाढ उपटून तिच्या जागी लावतापण येते, किंवा ब्रिजला (गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांवर टेकवून बसवतात तो) आधार म्हणून वापरतात. २२ हजारवाल्यांनी ह्यातलं काही सांगितलं असतं तर मी कदाचित काढूनपण घेतल्या असत्या.

आता काढायच्या दिवसाचं. पोट भरून या म्हणाल्या, मी कांदेपोहे दोन प्लेट. इंजेक्शन तीन ठिकाणी, पहिलं टोचलं बाकीचे कळले नाहीत. इंजेक्शन दिल्यावर दोन मिनिटं छातीत धडधड झाली, मी घाबरलो, मॅडम म्हणाल्या त्यात ॲड्रिनलिन असतं, रक्त कमी यावं म्हणून, थांबेल आपोआप. थांबली. मग अर्धा ओठ, अर्धी जीभ दुसऱ्याची असल्यासारखी. हिरडी बाजूला केली, थोडं हाड कोरलं आणि दाढ तशीच ओढायच्या ऐवजी ड्रिलनं तिचे दोन तुकडे केले. दुखत अजिबात नाही पण आवाज थेट कवटीच्या आत येतो, मार्बल कापायच्या मशीनचा आवाज उशीखालून ऐकल्यासारखा, आणि दाब एवढा की जबडा निखळतोय की काय. मॅडम मधेमधे "आता दाब येईल", "आता पाणी येईल" असं आधी सांगत होत्या, त्यानं लई फरक पडतो. कट्टकन आवाज आला, पुढचा तुकडा निघाला, मग मागचा. पस्तीस-चाळीस मिनिटं, तीन टाके. साडेपाच हजार घेतले, पावती दिली, मागायला लागली नाही.

दोन तुकडे डबीत घालून दिलेत. वरचा भाग इतका पांढरा आणि कंगोरे इतके टोकदार की वापरलेलीच नाही हे कळतं. २७ वर्षांत एक घास चावला नाही पठ्ठीनं आणि साडेपाच हजार घेऊन गेली.

कापूस पाऊण तास दाबून धरायचा, थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, पहिल्या दिवशी चूळ भरायची नाही. कारण खड्ड्यात जी रक्ताची गुठळी बनते तीच खरं औषध, ती निसटली तर आतलं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असली कळ मारते की काढण्यापेक्षा ते वाईट. सिगरेटवाल्यांना हे जास्त होतं, माझ्या मित्राला झालंय, त्याचं तोंड बघून मी ऐकलं सगळं. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त होती मग उतरली. ओठाची बधिरता चार तासात गेली. रात्री साडेनऊला मॅडमचा स्वतःहून फोन, रक्त थांबलं का म्हणून. हे कोण करतं सांगा.

खाण्याचे मात्र हाल. कडक भाकरीच्या गावात मी चार दिवस पेज, खिमट आणि गार ताक. समोर बाबा शेंगाचटणीवर तेल ओतून कडक भाकरी कुडुम कुडुम मोडतायत आणि मी चमच्यानं शिरा.

टाके काढायला सातव्या दिवशी गेलो तेव्हा आजीला सोबत नेलं, तिला कवळीवाल्यांचा तपास करायचा होता म्हणजे मैत्रिणीसाठी, स्वतःसाठी नाही. आजी ७८ ची. जिना चढताना दोनदा थांबली आणि क्लिनिकच्या नावानं बोटं मोडली. आत गेल्यावर मॅडम म्हणाल्या आजी तुमचं पण बघू की, फुकट. आजीनं मिसरी लावलेली, ओशाळली, तरी तोंड उघडलं. मॅडमनी लाईट ओढला आणि मला म्हणाल्या इकडं या, हे बघा.

आजीच्या चारही अक्कलदाढा जागेवर. सरळ. आणि सगळ्या दाढा वरून सपाट, कंगोरे म्हणून नाहीतच, पाट्यासारख्या गुळगुळीत, मधेमधे पिवळं दिसत होतं आतलं. दोन दातांमधल्या रेषापण सरळ झिजून एकमेकाला चिकटून बसलेल्या. माझ्या डबीतली ती टोकदार दाढ आणि ही, एकाच घरातल्या. आजी मंगळवेढ्याकडची, जात्यावर दळलेली ज्वारी, त्यात दगडाची कचकच, हुरडा, ऊस दातानं सोलून खायचा, अजून पण खाते. मी म्हटलं म्हणजे कडक भाकरीनं जागा झाली ना मॅडम! तर लगेच थांबवलं, म्हणाल्या एका आजीवरून असं म्हणता येत नाही, जबडा घराण्यातूनपण येतो, तिच्या वयाच्या कितीतरी बायका कवळी लावून बसल्यात. पण झीज कशी दिसते ते बघायचं तर हे बघा, आता असं तोंड लवकर बघायला मिळत नाही. मग आजीला मिसरीवरून जे झापलंय, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसतो का ते नीट बघितलं, नव्हता, तरी बंद करा म्हणाल्या. आजी म्हणाली "बाई, एवढी वर्षं काय झालं नाही." मॅडम म्हणाल्या "म्हणूनच आता बंद करा की."

बाहेर आल्यावर आजीनं डबी मागितली, तुकडा चिमटीत धरून उन्हात बघितला. "कोरीच्या कोरी गेली की रं," म्हणाली.

बाकी माहिती: कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं पण आत नेटवर्क येत नाही, खिडकीपाशी जाऊन करावं लागतं. शनिवारी जाऊ नका, गर्दी. गाडी लांब लावून चालत या. वयस्कर माणसाला आणणार असाल तर जिन्याचं आधी फोनवर सांगा, खाली येऊन बघतात असं रिसेप्शनवरच्या ताईनं सांगितलं, आम्हाला ते जिना चढून झाल्यावर कळलं. मला सहा महिन्यांनी वरची उजवी दाखवायला बोलवलंय, ती खाली उतरली की नाही ते तेव्हा इथंच लिहितो.